घरात सुपरवायझर नसतो

संभाजीनगरजवळ वाळूजच्या माळावर बजाज ऑटोचा कारखाना १६ महिन्यांत उभा राहिला आणि १९८५ साली राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी तिकडे डेन्मार्कमध्ये नोव्हो कंपनीने इन्सुलिन टोचायचं पहिलं पेन बाजारात आणलं. या दोन घटनांचा तेव्हा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. इथे भरती झालेली पोरं विशीतली, वैजापूर-पैठण-जालना-बुलढाण्याकडून आलेली, सायकल हाणत ड्युटीवर जाणारी. शुगर म्हणजे कँटीनच्या चहात कमी पडणारी वस्तू, एवढंच त्यांना ठाऊक. पुढे कारखान्याभोवती एमआयडीसी फुगली, शेजारी बजाजनगर वसलं, पत्र्याच्या खोल्यांवर मजले चढले, सायकलीच्या जागी मोटारसायकल आली आणि मोटारसायकलच्या टाकीवर पोट टेकू लागलं. आता पहिल्या भरतीतली मंडळी रिटायर झाली आहेत. संध्याकाळी मोहटादेवीच्या देवळाकडे फिरायला निघालेले दोघे भेटले की एक विचारतो, ‘किती आली?’ प्रश्न पेन्शनचा नसतो. पेन्शनचा आकडा हलत नाही, म्हणून तो कुणी विचारतही नाही.

देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आला, तेव्हा बजाजनगरने आपला वाटा उचलला यात नवल नाही. नवल पुढे आहे. गोळ्यांनी भागेनासं झालं की डॉक्टर इन्सुलिन लिहून देतात. घरात दोन दिवस सुतक असल्यासारखी शांतता असते, मग मेडिकलमधून पेन येतं. आतल्या काचेच्या नळीत ३ मिली औषध, एका मिलीत १०० युनिट, म्हणजे एका पेनात ३०० युनिट. मागे फिरवायची चकती, चकतीशेजारी आकड्याची खिडकी, टोकाला दाबायचं बटण. ज्या माणसाने उभ्या नोकरीत मायक्रॉनमध्ये बोअर मोजले, त्याला चकती चौदावर आणून थांबवता येणार नाही असं म्हणणं हा त्याच्या आयटीआयचा अपमान आहे. येतं त्याला. पण हा माणूस गेटवर पंचिंग करून बाहेर पडला, की सेफ्टी शूजबरोबर शिस्तही काढून ठेवतो. कंपनीत स्पॅनर ठरलेल्या जागी नसला तर आरडाओरडा करणारा हा गृहस्थ. घरी त्याचं पेन एक दिवस टीव्हीमागे, एक दिवस देव्हाऱ्यात आणि एक दिवस नातवाच्या कंपासपेटीत सापडतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की पेन सुरक्षित वापरायला बजाजनगरने नवीन काहीही शिकायची गरज नाही. आठ तास जे चालतं ते सकाळ-संध्याकाळ तीन-तीन मिनिटं घरी चालवायचं. अडचण ज्ञानाची नाही, घरात सुपरवायझर नसण्याची आहे. आणि बायकोने ती जागा घ्यायचा प्रयत्न केला तर तिला ‘तुला काय कळतं यातलं’ हे ऐकावं लागतं, जे कंपनीत सुपरवायझरला ऐकवायची कुणाची छाती होत नाही. त्यातून गंमत अशी, की वोखार्टचा बायोटेक पार्क याच वाळूज एमआयडीसीत आहे. या कंपनीने २००३ साली ‘वोसुलिन’ बाजारात आणलं, तेव्हा जनुकीय तंत्राने मानवी इन्सुलिन बनवणारी ती पहिली भारतीय कंपनी ठरली. म्हणजे जगात मोजक्या ठिकाणी जमणारं औषध आपल्या हाकेच्या अंतरावर बनतं. बनवणारे टोप्या, मास्क, मोजे चढवून, धुळीचा कण मोजून ते बनवतात. ते कारखान्याबाहेर पडतं आणि आपल्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीखाली जाऊन बसतं.

सुरुवात ढवळण्यापासून करू. इकडे पुष्कळांना मिक्स इन्सुलिन असतं, ते ३०-७० वालं, दुधाळ. ठेवून दिलं की पांढरा भाग खाली बसतो. म्हणून टोचण्याआधी पेन दोन्ही तळव्यांत धरून दहा वेळा फिरवायचं, मग दहा वेळा वर-खाली कलतं करायचं, सगळं एकसारखं पांढरं दिसेपर्यंत. खडाखडा हलवायचं नाही, फेस होतो. लोक काय करतात? एकदा उलटं करतात, एकदा सुलटं, आणि ‘झालं’ म्हणतात. यात बजाजनगर एकटं नाही. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जर्मनीतल्या १०९ रुग्णांच्या पेनांचा अभ्यास छापून आला होता. नीट दहाहून जास्त वेळा ढवळणारे त्यात फक्त १० निघाले आणि पेनांमधल्या पांढऱ्या इन्सुलिनचं प्रमाण असायला हवं त्याच्या ५ टक्क्यांपासून २१४ टक्क्यांपर्यंत कुठेही भरलं. जर्मन माणसांचं हे! पाच ते दोनशे चौदा टक्के असला माल एखाद्या व्हेंडरने पाठवला असता तर गाडी गेटवरूनच परत गेली असती. शरीर मात्र रोज बिनबोभाट उतरवून घेतं आणि मग ‘काल ९० होती, आज २८० कशी?’ म्हणून आपण ग्लुकोमीटरला शिव्या घालतो. काही इन्सुलिनं मुळातच पाण्यासारखी स्वच्छ असतात. ती ढवळायची नसतात, आणि गढूळ दिसली तर वापरायचीच नसतात.

मग नवी सुई लावायची, चकती दोनवर आणायची, सुई आभाळाकडे धरून नळीवर टिचकी मारायची आणि बटण दाबायचं. टोकाला थेंब चमकला पाहिजे. नाही चमकला तर पुन्हा दोन युनिट. हे प्रत्येक वेळी. इथे पहिला आक्षेप येतो आणि तो अगदी आपल्या मातीतला आहे: ‘दोन-दोन युनिट वाया घालवायची?’ हिशेब करूच. सकाळी २० आणि रात्री २० युनिट घेणाऱ्याची रोज ४० जातात, चाचणीची ४ धरून ४४. म्हणजे अकराव्या हिश्शाची नासाडी, हे खरं. पण मशीनचं सेटिंग बदललं की फर्स्ट पीस काढायचा, तपासायचा, बरोबर आला तरच लॉट चालू करायचा, ही नासाडी कंपनी वर्षानुवर्षं का सोसते? मालकाला पैसे जास्त झालेत म्हणून नव्हे. फर्स्ट पीस न बघता हजार नग पाडले आणि सगळे रिजेक्ट झाले, असं एकदा घडलं की तो हिशेब कुणाला समजावावा लागत नाही. पेनात हवा अडकलेली असली, सुई तुंबलेली असली, तरी चकती फिरते, बटण आत जातं, खिडकीत शून्य येतं. सगळं व्यवस्थित झाल्याचा पूर्ण भास होतो, फक्त औषध अंगात जात नाही. या हवेची लोकांना वाटणारी भीतीही चुकीच्या जागी असते. सिनेमातला खलनायक सलाइनमध्ये रिकामी सिरिंज टोचून माणूस मारतो, ते पाहून बुडबुडा दिसला की घाम फुटतो. कातडीखाली गेलेला तो बारीक बुडबुडा जीव घेत नाही, तो औषधाची जागा घेतो. आणि तो नळीत शिरतो कसा? सुई तशीच लावून पेन ठेवल्यामुळे. म्हणून टोचून झालं की सुई काढायची, मग पेनावर टोपण.

खिडकीत शून्य दिसलं म्हणजे काम संपलं, हाही असाच एक समज. शून्य दिसलं म्हणजे बटण आत गेलं. केसाएवढ्या सुईतून औषध अजून उतरत असतं. अंगठा तसाच दाबून ठेवत दहापर्यंत मोजायचं आणि मगच सुई बाहेर काढायची. बजाजनगरात दहा मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक सुटीच्या दिवशीची. दुसरी चौकात कंपनीची बस हॉर्न देत उभी असतानाची, तिच्यात तीननंतर थेट दहा येतात. आषाढीला जवळच्या छोट्या पंढरपुरात विठोबाच्या दर्शनासाठी तासन्‌तास रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला दहा सेकंद जड जावीत, याला काय म्हणावं! पुंडलिकवरदेचा जयघोष सावकाश तीनदा केला तरी ती निघून जातात. सुई उपसल्यावर पोटावर थेंब ओघळताना दिसला, तर तो डोसातलाच आहे हे लक्षात घ्यावं. ‘कमी गेलं असेल’ म्हणून अंदाजाने वर दोन युनिट मात्र टोचू नयेत. पडलेला थेंब मोजायचं गेज अजून निघालेलं नाही.

आता सुईकडे येऊ, कारण खरी भांडणं इथेच आहेत. आधी लांबीचं. ४ मिलिमीटरची सुई बघून धिप्पाड माणसाला वाटतं की ही आपल्यापर्यंत पोचणारच नाही, आणि काडीपहिलवानाला वाटतं की ही आरपार जाईल. दोघांचंही चूक. टोचायच्या जागी कातडीची जाडी माणूस जाड असो की बारीक, दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपासच असते. ४ मिलिमीटरची सुई सरळ टोचली की ती कातडीखालच्या चरबीत जाते, जिथे जायला हवी तिथेच. फारच किरकोळ अंग असेल तर चिमटीत कातडी धरावी. आणि ‘माझ्या अंगात चरबीच नाही’ ही बढाई मारण्याआधी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला फोटो आठवावा. दोघेही सडपातळ, दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. मराठी माणूस चरबी दाखवत नाही, बाळगतो. शर्ट न काढता वरूनच टोचणाऱ्यांविषयी तर काय बोलावं. वेल्डिंगआधी जॉब साफ करायला तीन वेळा सांगणारे हेच.

सुई प्रत्येक वेळी नवी हवी. इथला आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो खरा आहे. एक सुई साधारण चहाच्या भावात पडते आणि दिवसातून दोनदा म्हणजे महिन्याला साठ चहा. कायम कामगाराला ते परवडतं. रांजणगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, ठेकेदाराकडून महिन्याला हाती मोजके रुपये येणाऱ्या पोराच्या आईला परवडत नाही. पण त्यावर उत्तर एकच सुई पंधरा दिवस चालवणं हे नव्हे. उत्तर असं, की पेन हे काही वरच्या प्रतीचं औषध नाही. बाटलीतलं इन्सुलिन आणि साधी सिरिंज यांनीही शुगर तितकीच आटोक्यात राहते आणि खर्च पुष्कळ कमी होतो, तेव्हा डॉक्टरांना न लाजता ‘स्वस्तातलं द्या’ म्हणावं. पगार २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर तिथल्या दवाखान्यात विचारावं. दर महिन्याला कापून घेतात ते कशासाठी, हे बहुतेकांना बाळंतपण सोडलं तर आठवत नाही. शेजाऱ्याकडे पेन आहे म्हणून आपल्याकडेही पेनच पाहिजे, हा हट्ट मोटारसायकलच्या मॉडेलपुरता ठेवावा.

ज्यांना परवडतं तेही मात्र सुई बदलत नाहीत. त्यांचं म्हणणं, ‘दुखत नाही ना, मग?’ दुखत नाही याचं कारण बघण्यासारखं आहे. माणसाची पोटावर एक आवडती जागा ठरून जाते, बहुधा बेंबीच्या उजवीकडे तीन बोटांवर, कारण उजव्या हाताला ती सोयीची. रोज तिथेच टोचून टोचून कातडीखाली चरबीची गाठ धरते, रबरासारखी. त्या गाठीत संवेदना कमी, म्हणून टोचलेलं कळत नाही, म्हणून पुन्हा तिथेच. स्पेनमध्ये ४३० जणांवर झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात ६४ टक्क्यांहून जास्त लोकांना अशा गाठी सापडल्या आणि टोचायची जागा नीट बदलणाऱ्यांत मात्र हे प्रमाण अवघं ५ टक्के होतं. तीच सुई पुन्हा पुन्हा वापरणाऱ्यांतही गाठी जास्त दिसल्या. गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी रक्तात जाईल, कधी जाणार नाही, याचा भरवसा नसतो. मग शुगर वाढते, मग डोस वाढतो, मग गाठ वाढते. ही साखळी एखाद्या मशीनवर दिसली असती तर फळ्यावर पाच वेळा ‘का’ लिहून मूळ कारण शोधून काढलं असतं. घरी मात्र मूळ कारण ठरलेलं: ‘टेन्शन.’ उपाय साधा आहे. पोटाचे चार भाग करायचे, आठवड्याला एक घ्यायचा, दोन टोचण्यांमध्ये बोटभर अंतर ठेवायचं, मांड्याही वापरायच्या, आणि महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट चाचपून बघायचं. पण एक धोका सांगितला पाहिजे. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात की तोच जुना वाढवलेला डोस आता पुरेपूर लागतो आणि शुगर एकदम खाली येऊ शकते. तेव्हा जागा बदलताना डॉक्टरांना सांगूनच बदलायची.

सुई बदलली की पेन कुणीही वापरावं, असा एक उदार विचार आपल्या कुटुंबांत असतो. नवरा-बायको दोघांना शुगर, दोघांचं औषध एकच, मग पेनं दोन कशाला? ज्या घरात पाहुण्याने तोंड लावलेला पेला उष्टा म्हणून तीनदा विसळतात, त्या घरात हा समाजवाद कुठून येतो कळत नाही. टोचताना रक्ताचे किंवा कातडीचे अंश सुईतून मागे नळीत जाऊ शकतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, आणि नवी सुई नळीतला माल धुऊन काढत नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका लष्करी इस्पितळात २००७ ते २००९ या काळात, सुया बदलून पण पेनं तीच, असा कारभार झाल्याचं उघडकीला आलं. तेव्हा दोन हजारांहून जास्त रुग्णांना बोलावून रक्त तपासून घ्यायला सांगावं लागलं. कावीळ आणि एचआयव्हीच्या भीतीने ती माणसं पुढचे काही दिवस कशी राहिली असतील! २०१५ साली तिथल्या औषध प्रशासनाने ‘एकाच रुग्णासाठी’ असं पेनावर छापायची सक्ती केली. आपल्याकडे पेनावर मार्करने नाव लिहिलं तरी पुरे. स्टीलच्या पातेल्यांवर बारशापासूनची नावं कोरणारे लोक आहोत आपण, पेनाला संकोच नसावा. त्यातच सकाळचं आणि रात्रीचं अशी दोन वेगळी पेनं असली, तर एकावर जाडसं रबर गुंडाळून ठेवायचं, म्हणजे लाइट गेलेली असताना हाताला फरक कळतो. चूक होऊच नये अशी रचना करण्याला कंपनीत जपानी नाव आहे आणि त्यासाठी बक्षीसही मिळतं. घरी बक्षीस नाही, एवढाच फरक.

आता सगळ्यात घातक काटकसर. पेन संपत आलं, तळाशी दहा-बारा युनिटं दिसतात, चकती पुढे फिरत नाही. टाकून द्यायला जीव होत नाही. मग घरातला इंजिनियर जुनी सिरिंज काढतो, पेनाच्या रबरात खुपसतो आणि औषध ओढून घेतो. एकदा जमलं की अख्खं पेनच तो बाटलीसारखं वापरायला लागतो, सुयांचे पैसेही वाचले. पण आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन जातींच्या मिळतात. लाल टोपणाची ४० च्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपणाची १०० च्या. बाटलीतलं इन्सुलिन बरेचदा ४० चं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि घरात पडलेली सिरिंज बहुधा लाल. लाल सिरिंजवर २० चा आकडा म्हणजे अर्धा मिली. पेनातलं इन्सुलिन १०० चं, त्याच्या अर्ध्या मिलीत ५० युनिट. माणूस डोळे फाडून, चष्मा पुसून, अगदी काळजीपूर्वक २० मोजतो आणि ५० टोचून घेतो. अडीचपट. सांधा जुळतोय म्हणून मेट्रिक बोल्टवर इंची नट चढवला तर काय होतं, हे त्याला विचारा, तासभर बोलेल. इथे आटे उडत नाहीत, माणूस पडतो. पेनातलं औषध पेनातूनच घ्यायचं. तळाची दहा युनिटं सोडून द्यायची, किंवा उरलेली त्यातून घेऊन बाकीचा डोस नव्या पेनातून पुरा करायचा.

शुगर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस तिरसटल्यासारखा बोलतो. हे शेवटचं लक्षण बजाजनगरात ओळखायला कठीण, कारण सेकंड शिफ्ट करून आलेला प्रत्येकजण तसाच बोलतो. म्हणून बोटाला टोचून बघणं बरं, आणि मशीन हाताशी नसेल तर सरळ साखर द्यावी: तीन चमचे पाण्यात ढवळून, किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच, मग जेवण. पेढा, बिस्किट, चिवडा हे प्रेमाचे पदार्थ आहेत, पण त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, दवाखाना गाठावा. अशी वेळ बहुतेकदा येते ती डोस आणि जेवण यांची चुकामूक झाल्याने. शिफ्ट आठवड्याला बदलते, जेवणाची वेळ सहा-सात तास सरकते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘सकाळी-रात्री जेवणाआधी’ एवढंच लिहिलेलं असतं. नाइटवाल्याची सकाळ कोणती? हे डॉक्टरांना विचारायचं असतं, कट्ट्यावर नाही. उपवासाचंही तसंच. एकादशीला कुणी ‘आज खाणं नाही’ म्हणून अख्खा डोस टाळतो, कुणी पुरा डोस घेऊन निर्जळी करतो, आणि कुणी साबुदाणा, बटाटा, भगर, रताळं असा चौरस आहार घेऊन शुगर चढली की म्हणतो, ‘उपाशी असूनही वाढली बघा.’ विठोबाने आजवर कुणाचा डोस ठरवल्याचं ऐकिवात नाही. आषाढीच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना एक फोन पुरतो.

साठवणीच्या बाबतीत आपण नको तिथे कडक आणि हवं तिथे ढिले. न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत, इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. पण थंडी औषधाला चांगली, मग जास्त थंडी जास्त चांगली, या न्यायाने कुणी ते बर्फाच्या कप्प्यात ठेवतो. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला बरं दिसलं तरी कामातून गेलेलं असतं. वापरात असलेलं पेन फ्रीजबाहेर राहिलं तरी चालतं, साधारण ३० अंशांच्या आत आणि बहुतेक पेनांना २८ दिवस. काहींना मुदत जास्त असते, ती पेनाबरोबरच्या कागदावर छापलेली असते. तोच कागद, जो लोक पुडी बांधायला वापरतात. म्हणून पहिल्यांदा वापरलं ती तारीख पेनावर लिहायची. आता ३० अंश हा आकडा संभाजीनगरच्या मे महिन्याला कोण सांगणार? पारा चाळिशी ओलांडतो, कूलरला पाणी नसतं, आणि कुणीतरी पेन मोटारसायकलच्या डिकीत टाकून कंपनीच्या पार्किंगमध्ये उन्हात आठ तास सोडून येतो. हे अजिबात चालत नाही. पण तासभर लाइट गेली म्हणून पेन फेकून द्यायचीही गरज नाही. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतलं तापमान दिवस-रात्र २५ ते ३७ अंशांत वर-खाली होतं. तसंच तापमान प्रयोगशाळेत ठेवून बाटल्यांमधलं इन्सुलिन तपासलं, तेव्हा ते चार आठवडे टिकल्याचं २०२१ साली छापून आलं. जिथे फ्रीज नाही तिथे मातीचं मडकं कामाला येतं. प्लास्टिकच्या घट्ट डबीत पेन, डबी कोरड्या मडक्यात, मडकं बाहेरून ओल्या फडक्यात आणि सावलीत वाऱ्याला.

‘इतकी वर्षं असंच करतोय, काही झालं नाही,’ हा शेवटचा आक्षेप आणि सगळ्यात जुना. प्रेसवर दोन हातांची बटणं बांधून ठेवून एका हाताने काम उरकणारा माणूसही हेच म्हणत असतो, बोटं शाबूत असेपर्यंत. शिवाय ‘काही झालं नाही’ हे ठरवलं कुणी? वरखाली होणारी शुगर, दर तीन महिन्यांनी वाढणारा डोस, गाठींनी भरलेलं पोट, हे सगळं झालंच आहे. डॉक्टरांनी फाइल पाहिली, पोट पाहिलं नाही, म्हणून नोंद नाही. तेव्हा पुढच्या वेळी फाइलबरोबर पेनही न्यावं आणि ‘मी टोचून दाखवतो, तुम्ही बघा’ असं म्हणावं. डॉक्टर आधी चमकतील. पण दहा मिनिटांच्या त्या ऑडिटमध्ये जेवढं निघेल तेवढं दहा रिपोर्टांत निघत नाही.

राहिली वापरलेली सुई. कंपनीत स्क्रॅपचे लाल, निळे, पिवळे डबे वेगळे आणि चुकीच्या डब्यात चिंधी पडली तरी मेमो. घरी सुई कॅरीबॅगमध्ये, कॅरीबॅग घंटागाडीत, आणि पुढे ती ज्या बाईच्या हातात जाते तिच्या हातात मोजे असतीलच असं नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या, म्हणजे ओल्या-सुक्यापासून वेगळ्या. त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. फिनेल किंवा कपडे धुवायच्या लिक्विडचा जाड प्लास्टिकचा रिकामा कॅन घ्यायचा. पाण्याची पातळ बाटली नको, ती सुईने फुटते. सुया थेट त्यात टाकायच्या, पाऊण भरला की झाकण चिकटपट्टीने घट्ट करायचं आणि जैववैद्यकीय कचरा उचलणारी गाडी ज्या दवाखान्यात वा लॅबमध्ये येते, तिथे विचारून द्यायचा. कॅनवर मार्करने ठळक ‘सुया’ असं लिहायचं. मार्कर बहुतेक घरांत कंपनीतूनच आलेला असतो, तेव्हा त्याचाही खर्च नाही.